टोचणाऱ्या बाईच्या ताब्यात

आमची वाटणी झाली ती अकोल्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, भर दुपारी आणि आमच्या देखत. बाजारात बैल उभा केला तरी घेणारा त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो. आमच्या नातेवाइकांनी तेवढंही केलं नाही. ते लांबून आमच्याकडे बघत आपसांत बोलत होते, आणि आम्ही तिघं ओट्यावर ओळीनं बसून आपापला भाव ऐकत होतो. मी, विमल, अकरा वर्षांची, अशोक सात वर्षांचा आणि बेबी जेमतेम अडीचची. बेबीच्या नाकाला कायम धार लागलेली असायची, त्यामुळे तिचा भाव सुरुवातीपासूनच पडलेला होता.

झालं होतं असं, की आईला खोकल्याबरोबर रक्त पडलं. बाबा जुन्या शहरातल्या एका कापसाच्या जिनात फिटर होते, ते आदल्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेले. तेव्हापासून आई लोकांच्या शेवया वळून आम्हाला पोसत होती आणि खोकत होती. त्या खोकल्याची आम्हाला इतकी सवय झाली होती, की तो थांबला की बेबी दचकायची. शेजारचे रहीमचाचा टांगा हाकायचे. त्यांनी आईला टांग्यात घालून मोर्णेच्या पुलावरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, टीबी आहे म्हणून सांगितलं आणि तिला लांब डोंगराकडच्या सॅनिटोरियममध्ये पाठवायचं ठरवलं. पोरांनी जवळही जायचं नाही, असा हुकूम निघाला. टीबी हा शब्द गल्लीत आमच्या आधी पोचला होता. ज्या बायांच्या शेवया आई वळायची, त्यांनी आम्हाला पाहून दारं लावून घेतली. रहीमचाचांच्या बायकोनं, चाचींनी, मात्र आम्हाला ठेवून घेतलं, पण त्यांचीच पोरं एका खाटेवर आडवी झोपायची. शेवटी डॉक्टरांनी रिमांड होमच्या साहेबांना कळवलं आणि चाचांनी आमच्या नातेवाइकांना निरोप धाडले.

साहेब पुण्याकडचे. शर्ट इस्त्रीचा, आवाज मऊ. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "हे पहा, मुलांची तात्पुरती सोय आजच्या आज व्हायला हवी. जवळचे कुणी नातेवाईक नेत असतील तर उत्तम. नाहीतर मला त्यांना घेऊन जावं लागेल." रिमांड होममध्ये चोर पोरं ठेवतात एवढं मला माहीत होतं. मी अशोकचा हात धरला. तो त्यानं सोडवून घेतला, कारण त्याला चोर पोरं बघायची होती.

मोर्शीचे देवरावमामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, मामीला घेऊन आले होते. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मूर्तिजापूरचे काका रेल्वेत होते. काकू पाचव्यांदा गरोदर होत्या, म्हणून काका एकटेच आले होते.

"पोरगं आमी नेतो," मामा म्हणाले.

"विमलले मी नेतो," काका म्हणाले. "कामाची आहे. घरात हातभार होते."

"आणि धाकटी?" साहेबांनी विचारलं.

मामांनी झाडाकडे पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. बेबीनं नाक फ्रॉकला पुसलं.

तेवढ्यात फाटकातून गंगूआत्या आली. बाबांची ही थोरली बहीण. तिला कुणी निरोप धाडला नव्हता, कारण कुणाला ती नको होती. तिला कुठून कळलं कोण जाणे. पांढरं लुगडं, खांद्याला खाकी पिशवी, तोंडात तंबाखूची गोळी. आमच्या घरी तिचं नाव फक्त आम्हाला भिववण्यासाठी घेतलं जायचं. "जेवता का बोलवू गंगूआत्याले?" असं आई म्हणायची, आणि आम्ही जेवायचो. कारण गंगूआत्या अमरावतीला देवीची लस टोचायची. नगरपालिकेच्या नोकरीत होती. गावभरच्या पोरांचे दंड धरून त्यावर गोल टोचणी फिरवणं हे तिचं काम. शिवाय तिनं नवरा सोडला होता. "त्यानं टाकली" असं कुणी म्हटलं की ती दुरुस्त करायची, "त्यानं नाही, म्याच टाकला त्याले."

तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यात जाऊन थुंकली आणि साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"तिघं मी नेतो."

साहेबांना आधी ती काय म्हणते यापेक्षा ती बाई असून 'नेतो' का म्हणते याचंच कोडं पडलं. आमच्याकडे बाया असंच बोलतात, पण ते त्यांना कोण सांगणार.

"आपण एकट्याच राहता ना?" ते म्हणाले.

"हो. म्हनून तर जागा आहे."

"आपण नोकरीला गेल्यावर मुलांकडे कोण बघणार?"

"आता कोन पाहून राहिलं?"

काका म्हणाले, "आक्का, एका खोलीत तिघं कशी मावतीन?"

"मावतीन. फुटकळ नाही न्याची मले. तिघं संगं जातीन नाही तर साहेबासंगं जातीन. हे घे, ते ठेव, हे काय भाजीबाजार आहे?" मग साहेबांकडे वळून, "सही कुठं करू? सही येते मले, आंगठ्याची शाई काढू नका."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही रडायला लागलो. साहेबांना वाटलं, आत्याच्या मायेनं आमचा बांध फुटला. आम्ही टोचणीच्या धाकानं रडत होतो. पण त्या रडण्यानं काम झालं, आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्ही टोचणाऱ्या बाईच्या ताब्यात अमरावतीला निघालो. आईला लांबून, खिडकीच्या गजांतून दाखवलं. तिनं हात हलवला नाही, तोंडाला पदर लावला. आत्यानं तिला ओरडून सांगितलं, "इंदू, मोजून नेऊन राहिलो, मोजून परत देईन!" सगळा दवाखाना आमच्याकडे पाहायला लागला.

माझी नात समाजकार्य शिकते. तिच्या पुस्तकात या प्रकाराला मोठं नाव आहे. मुलांची मनःस्थिती, पालकाची पात्रता, घराची तपासणी, असं एकेक ती मला वाचून दाखवते. मी तिला विचारलं, तुझ्या गंगूपणजीची पात्रता किती निघाली असती? ती हसली नाही. म्हणाली, "आजी, ती नापास झाली असती." तिचं खरंच आहे.

आत्याची खोली फ्रेजरपुऱ्यात होती. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. आत शिरताच स्पिरिटचा वास यायचा. कोपऱ्यात माठ होता आणि त्याला बिलगून ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुसरी एक लहान मडकी. त्यात लशीच्या बारीक नळ्या. "माठातलं पानी प्या, मडकीले हात लावला तर हात टोचीन," हे तिनं आम्हाला सांगितलेलं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य म्हणजे, "बाह्या वर करा." तिघांनाही तिनं पोचल्या पोचल्या टोचलं. पितळी दिवा पेटवला, टोचणी ज्योतीत धरली, गार होऊ दिली आणि एकेकाचा दंड पकडला. अशोक पडवीत पळाला, तिथं शेजारच्या सखूबाईंनी त्याला धरून परत आणला. सात-आठ दिवसांनी आमचे दंड सुजले, ताप आला, आणि ती रात्रपाळीची नर्स असावी तशी आमच्या उशाशी बसून आम्हाला शिव्या देत राहिली.

स्वयंपाक तिला येत नव्हता. नवरा टाकण्याचं खरं कारण तेच असावं असा मला संशय आहे, म्हणजे त्यानं तिच्या हातचं खाऊन तिला हाकललं असावं. पण हे ती असताना बोलायची माझी हिंमत नव्हती. तिची भाकर एका बाजूनं करपलेली आणि दुसरीनं कच्ची असायची. ती ज्वारीचं पीठ मळताना कुणाला तरी टोचून घ्यायला समजावत असल्यासारखी बोलायची, "थांब, हलू नको, झालं, झालं." घाईच्या दिवशी स्पिरिटच्या दिव्यावरच बटाटे उकडायची. ते बटाटे सोलले की दवाखान्याचा वास यायचा. मग मीच आंबाडीची भाजी, ठेचा, भिवापुरी मिरचीचा झुणका करायला लागले. गोळ्याच्या कढीतले गोळे माझे फुटायचे. आत्या ते पिठलं समजून खायची आणि म्हणायची, "चांगलं झालं, काय आहे हे?"

सखूबाई भिंतीपलीकडे राहायच्या. नवरा सूतगिरणीत, सासू घरी. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांच्या घरात देव नव्हते. आत्याकडेही नव्हते, पण ते तिच्या आळसामुळे. आत्या सकाळी फेरीवर निघाली की बेबी सखूबाईंच्या सासूकडे जायची, मी आणि अशोक शाळेत. म्हातारी बेबीला मांडीवर घेऊन शेंगोळे चारायची. बेबीची धार तिनंच बंद केली, कसली तरी पाल्याची वाफ देऊन. बेबी बोलायला तिथंच लागली. पहिल्यांदा ती काय म्हणाली तर, "बाह्या वर करा."

आत्या सायकलवरून फिरायची. नऊवारीचा काष्टा घालून, पुढच्या टोपलीत पिशवी. शाळेला सुट्टी असली की मागच्या कॅरिअरवर मी आणि अशोक. आमची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की पोरं कौलांवर चढायची, आया लेकरांना कणगीत लपवायच्या. "नाही बाई आमच्याकडे कोनी," असं दारातून सांगायच्या आणि मागून कणगी खोकायची. आत्या दारात फतकल घालून बसायची. "नाही ना? मग मी जराशी बसतो. ऊन भल्ली आहे." आणि कणगीतलं पोर कंटाळून बाहेर येईपर्यंत त्या बाईशी दुनियेच्या गोष्टी करायची. पहिल्या पहिल्यांदा शाळेत कुणी आमच्याशी खेळेना. मग अशोकला अक्कल आली. कुणी त्याला मारायला आलं की तो नुसता म्हणायचा, "आत्याले सांगू काय?" महिनाभरात तो वर्गाचा पुढारी झाला. त्याच्या पुढल्या आयुष्यातल्या राजकारणाची सुरुवात तिथली आहे.

दिवाळीला मामा आले. संत्र्यांची करंडी घेऊन आले, अशोकला चार दिवस सुट्टीला नेतो म्हणाले. आत्याला ते पटलं नव्हतं. पण मामांनी त्याला बगीच्यातल्या विहिरीचं, बैलगाडीचं वर्णन करून असं फितवलं होतं की तो पिशवी भरून दारात उभा होता. "जा, पन भाऊबीजेनंतर आनून सोडा," आत्या म्हणाली. जाताना मामांनी सखूबाईंच्या दाराकडे पाहिलं, तिथं बेबी म्हातारीच्या ताटात जेवत होती. त्यांनी चप्पल दोनदा झटकली.

भाऊबीज झाली. शाळा उघडली. अशोक आला नाही. आत्यानं निरोप धाडला, तर उत्तर आलं की पोर इथं रमलंय, मोर्शीच्याच शाळेत घातलंय. आत्या माझा हात धरून अकोल्याला साहेबांकडे गेली. साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण मामा सधन आहेत, घरात बाईमाणूस आहे. तुम्ही दिवसभर बाहेर. आणि मुलं कुठल्या वस्तीत वाढतात, कुणाकडे जेवतात, याबद्दलही त्यांनी माझ्या कानावर घातलं आहे. मुलाच्या हिताचा विचार करता..."

"कुनाकडं जेवतात?" आत्या म्हणाली. "टीबीचं नाव ऐकून ह्यांच्या जातीवाल्यांनी दारं लावली साहेब. त्या वस्तीनं उघडलं. तिथं जेवतात."

साहेबांनी आपला कप पुढं ओढला. मग म्हणाले, "तरीसुद्धा." आत्यानं चहा तसाच ठेवला. परत येताना गाडीत ती तंबाखू मळायची विसरली. मला त्याची टोचणीपेक्षा जास्त भीती वाटली.

आठ-पंधरा दिवसांनी मोर्शीकडचा एक संत्र्याचा व्यापारी बाजारात आत्याला भेटला. त्याच्या नातवाला तिनं टोचलं होतं. तो म्हणाला, "बाई, रविवारी देवरावच्या घरी जेवन आहे. तुमचा भाचा दत्तक घेऊन राहिले."

आत्या घरी आली. पिशवी रिकामी करून पुन्हा भरली. सखूबाईंनी विचारलं, "कुठं निघाल्या?" तर म्हणाली, "मोर्शीले. पोट्टं आनाले." सखूबाईंनी भाकरी बांधून दिल्या. त्यांना बरोबर यायचं होतं, पण आत्या म्हणाली, "तू आली तर ते तुह्याच नावानं बोंबलतीन, माहा मुद्दा राहून जाईन."

रविवारी एसटीनं आम्ही मोर्शीला पोचलो. मामांच्या घरापुढं मांडव होता. मागं संत्र्याचा बगीचा, झाडं लगडलेली, आणि चुलाणावर बुंदी पडत होती. त्या वासानं मी आमचं काम विसरले होते हे कबूल केलं पाहिजे. पाटावर अशोक बसला होता, नेसूचं पिवळं, डोकं भादरलेलं, मागं शेंडी. बेबी आनंदानं किंचाळली, "आशक्या टकला!" सगळा मांडव आमच्याकडे वळला.

मामा पुढं आले. "तुमी काहून आल्या बाई?"

"जेवाले," आत्या म्हणाली. "बोलावनं राहून गेलं असन तुमच्याकून." आणि ती मांडवाच्या मधोमध खाली बसली. पिशवीतून पितळी दिवा काढला. काडी ओढली. टोचणी काढली, उन्हात धरून बघितली, आणि सगळ्या पाहुण्यांवरून नजर फिरवून म्हणाली, "आता एवढे लोक एका जागी भेटलेच आहेत, तर कोन कोन राहिलं टोचाचं?"

पहिला उठला तो भटजी. त्याला एकदम आठवलं की त्याची गाय बांधायची राहिली आहे. एका म्हातारीनं विचारलं, "साथ हाय का व माय?" आत्या म्हणाली, "साथ आल्यावर बोलावसान तर माहा काय उपयोग?" एवढं पुरलं. बायांनी लेकरं उचलली. पागोटेवाले बाप्ये, ज्यांच्या दंडावर लहानपणी टोचल्याचे वण होते, तेही, "मोठ्यांलेबी दुसऱ्यांदा टोचाव लागते," असं आत्यानं म्हणताच बगीच्यात शिरले. झाडाझाडांतून धोतरं दिसत होती. आचारी तेवढा कढईपाशी राहिला, कारण बुंदी करपली असती.

मांडव रिकामा झाल्यावर आत्यानं दिवा फुंकला.

"आता बोलू, देवरावभाऊ. पोरगं कोनाचं?"

"माह्या बहिनीचं."

"बहीन मेली का?"

"असं काय बोलता बाई!"

"मंग तिले विचारलं का?"

स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली, "तिले आनखी दोन आहेत." मामी उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. "मले एकबी नाही. मी त्याले न्हाऊ घालतो, त्याच्याजवळ झोपतो. काय वाईट करून राहिलो मी?"

आत्या उठून दारापाशी गेली. ती म्हणाली, "काहीच वाईट नाही करून राहिली तू, माय. पन इंदू उद्या बरी होऊन आली आन् म्हनली का माहे पोट्टे दे, तर मी तिच्या हातात दोन कसे ठेवू?"

मामी आत वळली. मामांचा आवाज आता चढला, "मी साहेबाले सांगतो!"

"सांगा. जित्या आईले न विचारता दत्तक घेत होतो, हेबी सांगा."

खरी अडचण त्यानंतर आली. अशोकला यायचं नव्हतं. तो आत पळून मामीच्या मागे लपला आणि म्हणाला, "मी नाही येत! मले इथंच राहाचं आहे!" आत्यानं त्याला बखोटीला धरून उचललं, तर त्यानं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. तिनं हात सोडवला नाही, तसाच त्याला काखेत मारून ती चालायला लागली. मागून मी बेबीला घेऊन, आणि बेबीच्या हातात आचाऱ्यानं दिलेला बुंदीचा द्रोण. अशी आमची मिरवणूक मोर्शीच्या रस्त्यानं निघाली.

एसटी सुटायच्या आधी मामी पळत आली. तिच्या ओटीत संत्री होती आणि हातात अशोकचे दोन शिवलेले सदरे. ते तिनं खिडकीतून आत दिले. आत्या म्हणाली, "उन्हाळ्यात धाडतो त्याले. तुमी या पाहाले. पन एकट्या या." मामीनं मान हलवली.

सबंध वाटेत अशोक हुंदके देत होता. "मामा मले सायकल घेऊन देनार होते."

"माह्या सायकलवर बसतोच ना तू?"

"ती बायांची आहे!"

आत्यानं मनगटावर स्वतःच आयोडिन लावलं, फुंकर मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दात चांगले आहेत पोट्ट्याचे." मग तिनं मान खिडकीकडे वळवली, म्हणून मला तिचं तोंड दिसलं नाही.

मामी खरंच येत राहिली. अशोकही दर उन्हाळ्यात मोर्शीला जायचा, आणि तिच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी तोच होता. अग्नीही त्यानंच दिला. बगीचा मात्र मामांच्या पुतण्यांकडे गेला. अजूनही आम्ही दोघं जमलो की तो म्हणतो, "ताई, तुझ्या आत्यानं माझा संत्र्याचा बगीचा बुडवला." मी म्हणते, चावलास ना, वसूल झालं.

साहेब एकदा फ्रेजरपुऱ्यात तपासणीला आले. मामांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पडवीत बसून त्यांनी माझ्या हातची कढी खाल्ली, अशोकला पाढे विचारले आणि बेबीला नाव विचारलं. तिनं त्यांना बाह्या वर करायला सांगितलं. जाताना ते आत्याला म्हणाले, "ठीक आहे बाई, चालू द्या." आत्या म्हणाली, "चालूच आहे."

आई दुसऱ्या उन्हाळ्यात आली. आम्ही स्टेशनवर गेलो तर ती आम्हाला ओळखू आली नाही. सॅनिटोरियमच्या दुधाअंड्यांनी ती गोरी, भरलेली झाली होती, आणि खोकत नव्हती. मला तिच्याजवळ जाताना लाज वाटली. अशोक तिच्या कमरेला बिलगला. बेबी आत्याच्या लुगड्यामागे गेली आणि तिथून विचारलं, "हे बाई कोन आहे?" आई हसली. आत्या बेबीला पुढं ढकलून म्हणाली, "इंदू, घे मोजून. तीन दिले होते, तीन आहेत."

आईनं अकोल्याला परत जायचं ठरवलं. चाचींनी एक खोली पाहून ठेवली होती. निघायच्या दिवशी आत्या सकाळीच पिशवी घेऊन उठली. "मले आज लांबची फेरी आहे, स्टेशनवर येनं होत नाही," म्हणाली. आमच्या डोक्यांवरून हात फिरवला नाही, काही नाही. "किल्ली सखूकडं द्या," एवढं सांगून सायकलवर बसून गेली. आईला ते लागलं. सखूबाईंची सासू बेबीला सोडेना, शेवटी मीच तिला ओढून घेतलं.

अमरावतीहून बडनेऱ्याला यायचं आणि तिथं अकोल्याची गाडी धरायची. फलाटावर सामानावर आम्ही बसलो. बेबीनं विचारलं, "आत्या कवा येते?" आई म्हणाली, "आत्या नाही येत, बाळा. आपन आपल्या घरी जाऊन राहिलो." बेबी फलाटावर पालथी पडली. रडणं मी पुष्कळ पाहिलं होतं, कणगीतलंही पाहिलं होतं, पण असं नाही. ती श्वास घेईना. निळी पडली. आईनं तिला उचललं तर ती आईच्या हातातून वाकून मागं, अमरावतीच्या रुळांकडे बघत होती. अशोक हळूच म्हणाला, "मीबी नाही येत." ज्यानं आत्याचं मनगट फोडलं तो.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुले काय वाटते व, विमल?"

मला आई हवी होती. दोन वर्षं मी रोज तिची वाट पाहिली होती. आणि मला ते स्पिरिटच्या वासाचं घरही हवं होतं. मी म्हटलं, "तू म्हनशीन तसं," आणि मीही रडायला लागले.

अकोल्याची गाडी आली. थांबली. आई सामानावरून उठली नाही. गाडी निघून गेल्यावर तिनं पदरानं बेबीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "अकोल्यात तरी कोन बसलं आहे आपलं?"

दुपार टळत असताना आम्ही फ्रेजरपुऱ्यात परत आलो. पडवीला सायकल टेकलेली होती. दार नुसतं लोटलेलं. आत आत्या जमिनीवर, चादर न घेता, भिंतीकडे तोंड करून पडली होती. फेरी वगैरे काही नव्हती, तिनं रजा काढली होती. चाहूल लागताच उठून बसली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"काय इसरलं?" तिनं खेकसून विचारलं.

आईनं सामान खाली ठेवलं. "जेवल्या का तुमी, आक्का?"

"नाही."

आईनं पदर खोचला आणि पिठाचा डबा शोधायला लागली. बेबी जाऊन आत्याच्या मांडीवर बसली. आत्यानं तिला काही वेळ घट्ट धरून ठेवलं, मग एकदम बाजूला सारलं आणि उठली. "पाच मानसं ह्या खोलीत कशी झोपतीन? एक खाट मांगून आनतो," असं म्हणत ती बाहेर पडली.

भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. आख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा. "सखू व! आले परत! चौघंच्या चौघं! येऊन बसले माह्या डोक्यावर! आता काय करू मी, सांग बरं!" इतका आनंदाचा आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

आई पीठ मळता मळता थांबली. "काहून बोंबलून राहिली व ही बाई?" ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि आम्ही तिघंही तिच्याबरोबर.